सोळापैकी किती चॅनल लागतात?

पत्र

माझे वडील साउंडचं काम करायचे. कुडाळ तालुक्यातल्या जत्रांमध्ये दशावताराला आणि गणपतीत डबलबारीला (दोन भजनी बुवांच्या सामन्याला) त्यांचाच सेट असायचा. २००३ साली त्यांनी मुंबईहून १६ चॅनलचा (सोळा आवाज वेगवेगळे घेऊन एकत्र करणारा) परदेशी मिक्सर आणला. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मिक्सर माळ्यावर होता, म्हणजे दोन पावसाळे. काम आता मी चालवतो, पण मिक्सर भाड्याने आणतो. गेल्या महिन्यात बाबांचा मिक्सर खाली काढला. चालू होतो, पण मोठं हमिंग येतं. ३, ९ आणि १४ नंबरचे चॅनल मुके आहेत. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी) सरकवला की खरखर होते. ४८ व्होल्टचं बटण दाबलं तर काहीच होत नाही. इथला मेकॅनिक म्हणतो, ‘सगळे आयसी आणि कंडेन्सर बदलू, ९,००० रुपये होतील.’ दुकानदार म्हणतो, भंगारात द्या, डिजिटल घ्या. आई म्हणते, बाबांची वस्तू आहे, देऊ नको. फेडरखाली बाबांच्या अक्षरातली पट्टी अजून आहे : पेटी, पखवाज, झांज, मधला, डावा, उजवा, मागचा, टेप. बाबा पावसाळ्यात दर रविवारी हा मिक्सर तासभर नुसता चालू करून ठेवायचे. ते का, हे विचारायचं राहून गेलं. जत्रा दिवाळीनंतर सुरू होतील. काय करू?
– एक वाचक, जिल्हा सिंधुदुर्ग

उत्तर

मिक्सर भंगारात देऊ नका, आणि ९,००० रुपयेही देऊ नका. दुरुस्त करा, पण सगळा नको. किती करायचा, हे तुमच्या बाबांनी त्या पट्टीवर लिहून ठेवलं आहे.

पट्टीवर आठ नावं आहेत. १६ चॅनलच्या मिक्सरवर त्यांचं काम आठात भागत होतं, आणि तुम्ही तेच काम करता. मुक्या झालेल्या तिन्हींपैकी ९ आणि १४ तुम्हाला लागतच नाहीत. उरला ३ नंबर, तो झांजेचा. झांज दुसऱ्या कुठल्याही रिकाम्या चॅनलवर जाऊ शकते. आणि देवळासमोरच्या मांडवात झांजेला माइक लागतोच असंही नाही, पखवाजाच्या माइकात ती पुरेशी येते. म्हणजे १३ चॅनल जिवंत असलेला हा मिक्सर तुमच्यापुरता पूर्ण आहे. मेकॅनिकने १६ चॅनलचा हिशोब केला, तिथेच तो ९,००० वर गेला.

आता रविवारचं सांगतो, कारण सगळ्या आजाराचं मूळ तिथे आहे. मिक्सरच्या आत उभ्या डबीसारखे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. (आपले मेकॅनिक त्यांना कंडेन्सर म्हणतात. कंडेन्सर माइकशी त्यांचा गोंधळ करू नका.) त्यांत अॅल्युमिनियमच्या पत्र्याची गुंडाळी असते आणि पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. कपॅसिटरचं काम त्या थरावर चालतं. व्होल्टेज मिळत राहिलं की थर शाबूत राहतो, फार काळ नुसतं पडून राहिलं की तो कमजोर होतो आणि कपॅसिटर गळायला लागतो, म्हणजे त्यातून जाऊ नये तो करंट जातो. शिवाय मिक्सर चालू असला की आतून कोमट होतो. कोकणातल्या जुलैच्या हवेत ती ऊब जॅकवर आणि बोर्डवर दमटपणा बसू देत नाही. तुमचे बाबा दर रविवारी ही दोन्ही कामं एका तासात करत होते. त्यामुळे मिक्सरने इतकी वर्षं तग धरली आणि माळ्यावरच्या दोन पावसाळ्यांत तो आजारी पडला. वय हे कारण असतं तर मी कदाचित वेगळा सल्ला दिला असता. दमटपणाने बिघडलेली वस्तू बऱ्याचदा परत येते.

मेकॅनिककडे न्यायच्या आधी एक संध्याकाळ स्वतः त्याच्याजवळ बसा. खर्च शून्य आहे, आणि तुम्हाला जे कळेल ते मेकॅनिकशी बोलताना तुमच्या बाजूने उभं राहील.

मिक्सर चालू करून बघितलाच आहे, तरी यापुढे थेट सॉकेटला लावू नका. आतला पॉवर सप्लाय ट्रान्सफॉर्मरवाला असेल (वजनावरून कळतं), तर ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घ्या, म्हणजे वीज बल्बमधूनच मिक्सरला जाईल. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तसाच भगभगत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. झाकण तुम्ही उघडू शकता, पण पिन काढून आणि दहा मिनिटं थांबून. २३० व्होल्ट जिथे येतात त्या भागाला हात लावू नका, पिन काढलेली असली तरी.

हमिंगपासून सुरुवात करा. मिक्सरच्या सगळ्या वायरी काढा, फक्त पॉवर आणि हेडफोन ठेवा. सगळे फेडर खाली घ्या आणि ऐका. हमिंग गेलं, तर मिक्सर निर्दोष आहे आणि दोष तुमच्या अर्थिंगमध्ये किंवा वायरींत आहे. अॅम्प्लिफायर एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या फेजवर आणि जनरेटर तिसरीकडे, अशा मांडवात हमिंग येणारच. सगळं एकाच बोर्डवरून घेतलं की बऱ्याचदा प्रश्न मिटतो. इथे एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. हमिंग घालवण्यासाठी प्लगची जाडी अर्थपिन तोडण्याची सवय आपल्या धंद्यात सर्रास आहे. ती तोडलेला प्लग बाबांच्या सामानात सापडला तरी वापरू नका. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला नट लोखंडी माइकला ओठ लावतो, तेव्हा त्याच्या आणि करंटच्या मधे फक्त ती पिन असते.

हेडफोनमध्येही हमिंग राहिलं, तर दोष आत आहे. मास्टर फेडर वर नेल्यावर ते वाढतं का बघा. मास्टर खाली असतानाही तेवढंच राहिलं, तर जवळजवळ नक्की पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर गेले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सप्लायमध्ये ती सरळ केल्यावर तिची लहर १०० हर्ट्झची होते, आणि कपॅसिटर दमले की ती लहर आवाजात उतरते. पेटीवाल्याला ऐकवलंत तर तो ओळखेल. तो स्वर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर लागतो. अर्थिंगचं ५० हर्ट्झ त्याच स्वराच्या एक सप्तक खाली असतं. इतक्या खाली सप्तक कानाने सांगणं अवघड, म्हणून खरी परीक्षा हेडफोनचीच धरा.

४८ व्होल्ट (कंडेन्सर माइकला मिक्सरमधून मिळणारी वीज) न येणं ही मला वेगळी तक्रार वाटत नाही. तो व्होल्टेजही त्याच सप्लायमधून निघतो. मल्टीमीटर असेल तर बटण दाबून माइकच्या सॉकेटमध्ये १ आणि २ नंबरच्या पिनमध्ये मोजा. ४४ ते ५२ मधे काहीही आलं तरी चालतं. कुठल्याच चॅनलला येत नसेल, तर सप्लायमधला एखादा कपॅसिटर किंवा रेग्युलेटर गेला आहे. म्हणजे तुमच्या दोन मोठ्या तक्रारींचा पत्ता बहुधा एकच आहे. तिथे पाच-सहा भाग बदलले की दोन्ही सुटतील, आणि ते भाग पुण्यातल्या तापकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातच नव्हे, साध्या दुकानातही मिळतात. तुमचे मधला, डावा आणि उजवा हे टांगायचे माइक कंडेन्सर जातीचे आहेत का, तेही बघा. साधे डायनॅमिक असतील तर तुम्हाला ४८ व्होल्ट लागतच नाहीत.

आता मुके चॅनल. याबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण या एका गोष्टीपायी चांगले मिक्सर भंगारात जाताना मी बघितले आहेत. मिक्सरच्या मागे किंवा वर प्रत्येक चॅनलला ‘इन्सर्ट’ लिहिलेला एक जॅक असतो. आपल्याकडे त्यात वर्षानुवर्षं कोणी काही लावत नाही. पण आवाज त्यातून जातो. आत दोन पत्र्या एकमेकींना टेकलेल्या असतात, पिन घातली की त्या सुटतात. दमट, खाऱ्या हवेत त्या पत्र्यांवर गंज धरतो, त्या टेकलेल्या दिसतात पण आवाज पुढे जात नाही. चॅनल मुका. आमच्या भजनी मंडळाच्या मिक्सरचा एक चॅनल असाच गेला होता. एका शहरातल्या दुरुस्तीवाल्याने तो महिनाभर ठेवून घेतला, नवे आयसी टाकल्याचे पैसे घेतले, आणि परत आल्यावर पहिल्याच हरिपाठाला चॅनल पुन्हा मुका. शेवटी मी स्वतः इन्सर्टमध्ये जॅकची पिन वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर केली आणि पेटी बोलायला लागली. मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा. तो चॅनल पुढे कधी बिघडला नाही.

तुम्हीही ३, ९ आणि १४ वर आधी हेच करा. फरक पडला नाही तर पीएफएलचं बटण दाबून हेडफोनने ऐका. पीएफएल फेडरच्या आधीचा आवाज देतं. तिथे आवाज असेल आणि मास्टरला नसेल, तर दोष फेडरमध्ये किंवा म्यूटच्या बटणात आहे. पीएफएललाही शांतता असेल, तर त्याच चॅनलच्या लाइनच्या सॉकेटमध्ये मोबाइल लावून गाणं वाजवा. लाइन चालते आणि माइक चालत नाही, असं झालं तर फक्त माइकचा टप्पा गेला आहे. एवढी माहिती कागदावर लिहून नेलीत की मेकॅनिकचे दोन तास वाचतात, आणि ते दोन तास तुमच्या बिलातून कमी व्हायला हवेत.

खरखरीसाठी फेडरच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, फेडर शंभर वेळा वर-खाली करा, पुसा, पुन्हा मारा. मात्र क्लीनर फेडरला चालणारा आहे ना, हे दुकानात विचारून घ्या. सायकलच्या चेनवर मारतात तो तेलाचा स्प्रे अजिबात नको. पहिल्या दिवशी फेडर लोण्यासारखा सरकतो, महिन्याभरात त्या तेलावर धूळ बसून पहिल्याहून वाईट होतो. साफ करूनही एखादा फेडर खरखरतच राहिला, तर तो झिजला आहे. तसाच्या तसा फेडर मिळणं कठीण असतं, कारण लांबी, पायांमधलं अंतर आणि रेझिस्टन्स तिन्ही जुळावं लागतं. पण तुमच्याकडे सुटे भाग आधीच आहेत. १५ आणि १६ चे फेडर बाबांनी फारसे हलवलेही नसतील. ते काढून पेटी आणि पखवाजाला लावायला सांगा. गेनचं बटण फिरवताना होणारी खरखर साफ करूनही जात नसेल, तर तिथला एखादा कपॅसिटर गळत असतो. तो बदलला की जाते.

झाकण उघडल्यावर आत टॉर्च मारून बघा. कपॅसिटरची टोपी फुगली आहे का, पट्टीसारख्या रुंद वायरींच्या टोकांना हिरवट-पांढरं काही धरलं आहे का, उंदराने किंवा पालीने घाण केली आहे का. वायरींच्या टोकांवरचा हिरवेपणा साफ होतो, त्या काढून पुन्हा घट्ट बसवल्या तरी कित्येकदा मुके चॅनल बोलतात. पण हिरवेपणा मुख्य बोर्डवर हातभर पसरला असेल, तांब्याच्या रेषा तुटल्या असतील, किंवा बोर्ड जळून काळा पडला असेल, तर तिथे माझा सल्ला बदलतो. मग पैसे घालू नका. उंदराच्या मुताने खाल्लेला बोर्ड आज दुरुस्त केला तरी दोन महिन्यांनी दुसरीकडे तुटतो, आणि तो तुटतो ऐन जत्रेच्या रात्री.

आणखी एक गोष्ट उघडल्यावरच कळेल. काही मिक्सरमध्ये प्रत्येक चॅनलचा बोर्ड वेगळा, उभा असतो. एक काढा, दुरुस्त करा, लावा. काहींमध्ये सगळे चॅनल एकाच मोठ्या बोर्डवर असतात. तसा असेल तर एका आयसीपर्यंत पोचायलाही वरच्या सगळ्या टोप्या आणि त्यांखालचे नट काढावे लागतात, १६ चॅनलला ते सहज दीडशेच्या वर जातात. तुमच्या मेकॅनिकने मोठा आकडा सांगितला तो याच भीतीने असेल, त्याला लबाड ठरवायची घाई करू नका. मेहनतीचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. पण ‘सगळे आयसी बदलू’ हे मला पटत नाही. १३ चॅनलचे आयसी नीट काम करताहेत. ४५५८, ०७२ किंवा ५५३२ असा नंबर असलेला आठ पायांचा आयसी चहाच्या दोन कपांच्या किमतीत येतो, पण चांगल्या बोर्डवरचा आयसी काढताना बोर्डची तांब्याची रेघ उचलली गेली तर नुकसान आयसीच्या शंभरपट होतं. शिवाय बाजारात नकली आयसीही आहेत. ‘आवाज सुधारेल’ म्हणून ४५५८ च्या जागी ५५३२ घालून द्यायचीही टूम असते. ५५३२ जास्त करंट खेचतो, आणि तुमचा सप्लाय आधीच दमलेला आहे. चालणाऱ्या आयसीला हात लावू नका म्हणावं.

त्याला काम असं सांगा : आधी फक्त पॉवर सप्लाय. त्यातले सगळे इलेक्ट्रोलिटिक बदला, १०५ डिग्रीपर्यंत टिकणारे घाला, ४८ व्होल्ट आणा. जॅकचे सुटलेले सोल्डरचे डाग बघा, विशेषतः मास्टरच्या आउटपुटचे, कारण तिथे वायरी रोज ओढल्या जातात. जुने भाग मला परत द्या. एवढं झालं की थांबा आणि मला ऐकवा. मेहनत धरून हे काम ३,००० ते ३,५०० रुपयांत व्हायला हवं, असा माझा अंदाज आहे. आकडा ५,००० च्या वर गेला तर थांबा. तिथून पुढे देशी बनावटीच्या नव्या लहान मिक्सरची किंमत जवळ येते, आणि तो निदान वॉरंटीसह येतो.

दुकानदारही चुकीचं बोलत नाही. २०१२ मध्ये बेहरिंगरचा एक्स३२ आला, त्यानंतर डिजिटल मिक्सर लहान धंदेवाल्यांच्या आवाक्यात येत गेले. एका गावातलं सेटिंग साठवून ठेवता येतं, शिट्टी मारणारी फ्रिक्वेन्सी नेमकी कापता येते, इको आणि कंप्रेसर (एकदम वाढलेला आवाज दाबणारी सोय) आतच असतात. तुमचा धंदा वाढून मोठ्या नाटकांची, ऑर्केस्ट्राची कामं यायला लागली तर नक्की घ्या. पण आठ माइकच्या दशावतारासाठी आज कर्ज काढून घेऊ नका. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, राजा कधी गर्जेल आणि संकासुर कुठल्या कोपऱ्यातून बोलेल ते आधी माहीत नसतं. तिथे प्रत्येक माइकचा फेडर कायम बोटाखाली हवा, स्क्रीनच्या पानापानांत शोधायला वेळ नसतो. आणि कोणी स्वस्तात पंधरा वर्षांचा जुना डिजिटल देऊ केला तर तो मुळीच घेऊ नका. त्याचा स्क्रीन किंवा त्या कंपनीने खास बनवलेली चिप गेली की भाग मिळत नाही. बाबांच्या मिक्सरमधला जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा बनतो आहे.

दुरुस्त होऊन आला की लगेच जत्रेला नेऊ नका. दशावतार रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, आणि तापल्यावर दिसणारे दोष पाचव्या-सहाव्या तासाला दिसतात. म्हणून घरी दोन वेळा तरी रात्रभर चालू ठेवा, एका चॅनलवर मोबाइल लावून हळू आवाजात काहीतरी वाजत राहू द्या. मग एखाद्या भजनाला न्या. पहिल्या दोन-तीन जत्रांना भाड्याचा मिक्सरही गाडीत असू द्या, ते भाडं वाया गेलं असं समजू नका.

आईंना सांगा की मिक्सर घरातच राहतोय. फक्त माळ्यावर नको. खाली, भिंतीपासून थोडा दूर, वर सुती कापड टाकून ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत ओल कोंडते. आणि रविवारचा तास परत सुरू करा, या आठवड्यापासून, पाऊस अजून संपलेला नाही. मिक्सर मेकॅनिककडे जाईपर्यंत सिरीज बल्बवर, आल्यावर थेट.

मेकॅनिककडे देण्याआधी त्या पट्टीचा फोटो काढून ठेवा आणि ती काढू नको असं त्याला स्पष्ट सांगा. साफसफाईत स्पिरिटचा बोळा फिरला की अक्षर जातं. तिसरा चॅनल बोलायला लागला तर काहीच बदलायला नको. नाही लागला, तर झांज नवव्याच्या पुढे, दहाव्यावर घ्या आणि तिथे तुमच्या अक्षरातली नवी पट्टी लावा.